बयाबाईंच्या डाव्या हातातला शॉवर

मी एक जुना हातशॉवर आहे, मित्रांनो, पाणी वाचवणारा. जुना म्हटलं तरी माझं वय फार नाही. टँकरच्या क्षारयुक्त पाण्याने मला लवकर म्हातारं केलं.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. माझ्या तोंडावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं आहेत, त्यामुळे थोडंसं पाणीही पुष्कळ असल्यासारखं अंगावर येतं. मुठीवर एक बटण आहे. ते दाबलं की पाणी थांबतं, पुन्हा दाबलं की सुरू होतं. एवढंच माझं कसब. भुकूम गावातल्या एका दुकानात मी खिळ्याला टांगलेला होतो. तिथून हेमलताने मला घरी नेलं.

त्या घरात हेमलता आणि तिची आई बयाबाई, दोघीच राहत. त्यांची सोसायटी उभी होती ती बयाबाईंच्याच विकलेल्या शेतावर. शेतातली विहीर बुजवून तिथे पार्किंग केलं होतं आणि पाण्याचा टँकर नेमका तिथेच येऊन थांबे. बयाबाई खिडकीतून बघत आणि म्हणत, "हिरीच्या डोक्यावर टँकर हुबा हाय. हीर इकणारी मीच, अन् आता पानी इकत घेणारीबी मीच."

अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. डाव्या हातात तांब्या धरला, तर साबण कोणत्या हाताने लावणार? म्हणून हेमलता त्यांना आंघोळ घाले. बयाबाई तेवढा वेळ डोळे मिटून बसत. आयुष्यभर बांधावर उभं राहून शेत राखलेली बाई ती. अंगाला दुसऱ्याचा हात लागणं त्यांना सोसत नसे, लेकीचासुद्धा.

मला आणलं होतं ते पाणी वाचावं म्हणून. पण पहिल्याच दिवशी बयाबाईंनी माझा वेगळाच उपयोग शोधला. त्यांनी अंगावर पाणी घेतलं, अंगठ्याने बटण दाबून मला मांडीवर ठेवलं, त्याच हाताने साबण लावला आणि पुन्हा मला उचललं. मग लेकीला म्हणाल्या, "हेमे, दार लाव अन् भाईर जा. न्हाऊ घालाया मी काय तान्ही हाय?"

हेमलता बाहेर गेली, पण दाराशीच उभी राहिली. पाणी थांबत होतं, सुरू होत होतं. ती ते ऐकत होती. आतून आवाज आला, "कान लावून हुबी ऱ्हाऊ नगं. भाजी करपंल."

ते माझे चांगले दिवस होते. शेजारणी मला बघायला येत. बयाबाई पदराने माझी मूठ पुसून मला दाखवत, जसा एखादा कामाचा बैल दाखवावा.

पुढे माझ्या छिद्रांवर पांढरी खपली धरू लागली. क्षार बटणाच्या खाचेत शिरले आणि ते घट्ट होत गेलं. तिकडे बयाबाईंच्या अंगठ्यातलं बळही कमी होत होतं. काही दिवस त्यांनी तळहाताने दाबलं, काही दिवस मला स्टुलाच्या कडेवर टेकवून दाबलं. एका सकाळी ते दाबलंच गेलं नाही. अंगाला साबण तसाच होता. त्यांनी तो पंच्याने पुसला, लुगडं गुंडाळलं आणि त्या बाहेर आल्या. लेकीला हाक मारली नाही. मारली असती, तर दार लावून एकटीने न्हाणं पुन्हा त्यांच्या वाट्याला आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज आंगूळ ऱ्हाऊ दे. टँकर आला न्हाई, तेवढंच पानी वाचंल."

मग असं वरचेवर होऊ लागलं. इतर दिवशी त्या दार लावून ओल्या पंच्याने नुसतं अंग पुसून घेत. या वयातही पाण्याची केवढी काळजी, असं शेजारणी म्हणत. हेमलताही फोनवर नातेवाइकांना अभिमानाने सांगे. ती स्वतः बादलीने आंघोळ करी, त्यामुळे मला हात लावायची वेळ तिच्यावर येत नसे. मी आकड्याला कोरडा लटकत होतो. मला इतकी छिद्रं आहेत, मित्रांनो, पण त्यांतून शब्द येत नाही.

थंडीच्या एका पहाटे बयाबाई गेल्या.

शेवटच्या आंघोळीला त्यांची जाऊ धोंडाबाई आली, भावकीतल्या बायका आल्या. पाणी तापलं. धोंडाबाईने तांब्या उचलला, तेव्हा हेमलता म्हणाली, "काकू, थांब. तिला दुसऱ्यानं पाणी घातलेलं आवडत नव्हतं."

बायकांनी बयाबाईंना धरून स्टुलावर टेकवलं. हेमलताने मला त्यांच्या डाव्या हातात दिलं, त्यांचा अंगठा बटणावर ठेवला आणि वर आपला अंगठा ठेवून दाबलं. बटण हललं नाही. तिने जोर लावला. तरी हललं नाही. शेवटी आपले दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबलं, तेव्हा पाणी आलं.

हेमलता त्या बटणाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, हे कधीपासून?"

धोंडाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाणी वाहत होतं. ते थांबवायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही.

सगळं आटोपल्यावर हेमलताने मला व्हिनेगरमध्ये भिजवलं आणि जुन्या ब्रशने एकेक छिद्र मोकळं केलं. आता माझं बटण लोण्यासारखं दबतं. रोज सकाळी ती येते आणि एकदा ते दाबून बघते. डाव्या अंगठ्यानेच.

मित्रांनो, पाणी वाचवा. माझा जन्मच त्यासाठी आहे. मला अधूनमधून धुवा, माझ्यावर खपली धरू देऊ नका. पण घरातलं म्हातारं माणूस 'आज आंघोळ राहू दे' म्हणालं, तर लगेच त्याचं कौतुक करू नका. आधी आत जा, आणि त्याच्या हातात जेवढं बळ उरलं असेल तेवढ्याच बळाने माझं बटण दाबून बघा.