कडब्याखालचा साहेब

रामेश्वरनं सोळा दिवसांची नवी गाडी उकिरड्याशेजारी उभी केली आणि वर कडब्याच्या पेंढ्या रचून तिची गंजी करून टाकली.

असं काही झालेलंच नाही. नांदूरघाटात कुणालाही विचारा, रामेश्वरकडं गाडी नाही. त्याच्याकडं कडबा आहे. आता त्या कडब्याला आरसे आहेत आणि शेळ्या रोज थोडा खाऊन एकेक दिवा उघडा पाडतात, हा भाग वेगळा.

दोन वर्षांपूर्वी गावात चिनी माल बंद करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या पुढं रामेश्वर. महादेवाच्या देवळात त्यानं धाकट्या भावाला, प्रविणला, बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. प्रविणचं तेलगावात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. त्यात चिनी नव्हतं असं फक्त शटर. प्रविणनं तेवढं खाली ओढलं आणि कोयता घेऊन ऊसतोडीला गेला. एक हंगाम, मग दुसरा. इकडं रामेश्वर भावाच्या शपथेवर छाती फुगवून हिंडला.

मग त्यानं गाडी घेतली. थेट इंग्रजाची. विंडलशॅम बॅरन. आईनं, चंद्रभागाबाईंनी, तिला रोज ओवाळलं.

हंगाम संपवून प्रविण घरी आला. गाडीभोवती एक फेरी मारली. मोबाइल काढला. मोबाइल कुठला, हे कुणी विचारलं नाही.

"दादा, ही कंपनी इंग्रजानं कवाच इकली."

"कुणाला?"

"चीनला. हीच गाडी तिकडं 'लुंग पाचशे तीस', थायलंडात 'कोकी', ब्राझीलमधी 'तोर्नादो'. दारं तीच, दिवे तेच. बिल्ला तेवढा येगळा."

"आरं पण बिल्ला सायबाचा हाय की बे!"

"माझ्या दुकानावर बी 'जय भवानी'ची पाटी व्हती."

चंद्रभागाबाईंच्या हातात आरतीचं ताट तसंच. "मंग इंग्रजाकडं सोताचं राह्यलं काय?"

"जग्वार व्हती, आये. ती टाटांनी घेतली."

"म्हंजी आपली! मंग ती कावून न्हाई आणली रं?"



प्रविण भांडला नाही. त्यानं पाकिटातून बेलाचं वाळकं पान काढलं, दोन वर्षं जपलेलं, आणि वायपरखाली सरकवलं.

"ह्ये तुझं. आता तुझ्या गाडीत बसत न्हाई आन् तुझ्या पंगतीलाबी न्हाई."

त्या दिवसापासून चूल एक, पण प्रविणचं ताट ओसरीवर. रामेश्वरनं कडबा रचला आणि अर्ज लिहायला बसला.

प्रति,
मा. उद्योगमंत्री, ब्रिटिश सरकार, लंडन.
मार्फत : तलाठी, नांदूरघाट.
विषय : कंपनी परत घेणेबाबत.

महोदय, आपण कंपनी विकताना नाव तसेच ठेवल्याने अर्जदाराचे सख्खे बंधू अर्जदाराशी बोलत नाहीत. सबब, सदर कंपनी आपण दोन वर्षांपूर्वीच्या तारखेने परत विकत घ्यावी, व त्याच तारखेपासून प्रविण यांचे दुकान उघडे होते असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.