शोकेसमधली सोयामेणाची मेणबत्ती

“मॅडम, आमच्या सोयाबीनची मेणबत्ती करता येती का?”

मित्रांनो, माझा जन्म या एका प्रश्नातून झाला! आष्ट्याच्या शाळेत, नववीच्या वर्गात स्वप्नालीने ब्राह्मीला डिवचलं होतं, “विचार की गं! का घाबरलीस?” आणि ब्राह्मी खरंच उठून उभी राहिली. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम मात्र म्हणाल्या, “येते की!”

मी तीच सोयामेणाची मेणबत्ती. आता दीड वर्षाची. मेणबत्तीच्या मानाने म्हातारीच म्हणा ना.

माझं कुळ काही फार जुनं नाही. पूर्वीच्या मेणबत्त्या चरबीच्या, नाहीतर मधमाश्यांच्या मेणाच्या. मग खनिज तेलातून काढलेलं मेण आलं. आमचं सोयामेण अमेरिकेतलं, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं. ब्राह्मीला वाटलं, तेल गोठवलं की झालं! तिने वाटीभर सोयातेल दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवलं. तेल तेलच राहिलं, वर आईची बोलणी बसली. कारखान्यात तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया करतात तेव्हा ते घट्ट होतं, हे मॅडमनी नंतर सांगितलं. मग तिने सोयामेणाचा चुरा मागवला. साच्यातून काढलेली मी दुपारच्या उन्हात पार वाकले, कारण आमचं मेण मऊ. शेवटी मला पुन्हा वितळवून काचेच्या पेल्यात ओतलं, मधोमध सुती वात.

विज्ञान प्रदर्शनात माझा केवढा थाट! भाऊसो नावाचे एक आजोबा मला हातात घेऊन म्हणाले, “सोयाबीनची व्हय? मग खायाची का लावायची?” सगळे खो खो हसले. आमचा पहिला नंबर आला! आणि मी गेले ब्राह्मीच्या घरच्या शोकेसमध्ये.

ब्राह्मीचं घर जैन. दिवस मावळला की तिथे जेवण नाही, आणि उघडी ज्योतही नाही, किडे-पाखरं येऊन जळतात म्हणून. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. कुणाचंच चुकलं नाही हो. पण मी काचेआड वाट बघत राहिले. वात पिवळी पडली. सुरुवातीला ब्राह्मी रोज विचारायची, “काय बाई, बरी हाईस ना?” दहावी सुरू झाली, तशी ती त्या काचेत बघून फक्त वेणी घालायची. तिची नजर माझ्यावरून जायची, माझ्यापाशी थांबायची नाही.

परवा तिची आई, गुणमाला, शोकेस पुसत होती. मला उचलून म्हणाली, “ब्राह्मी, मेण टाकून पेला घासू का गं? साखरेला लय चांगला हाय.”

माझ्या वातीत धस्स झालं! मित्रांनो, जळून संपायचं मला भय नाही, त्यासाठीच तर जन्मले. न जळताच फेकलं जाण्याचं भय वाटतं. वस्तू जपा, जरूर जपा. पण जपता जपता तिला विसरू नका.

ब्राह्मीने मला आईच्या हातातून घेतलं. पदराने पुसावं तसं ओढणीने पुसलं.

“अगं, लावायची तर न्हाईच,” तिचे पप्पा धनपाल म्हणाले. “मग कशाला अडगळ?”

“आई, पप्पा, मी ठरवलंय,” ब्राह्मी म्हणाली. “हिला मी उद्या लावणार. भर दुपारी, खिडक्या लावून. उजेड न्हाई दिसला तरी चालंल. मी बसणार हाय तिच्याजवळ, संपेपर्यंत.”