दमणचं मशीन

डिसमिसच्या लाकडी मुठीच्या फटीत कुंकू वाळून बसलं होतं आणि रमाकांत ते नखानं खरवडत होता. दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीचं कुंकू. त्यानंतर त्यानं हत्यारं पूजेला मांडलीच नव्हती. गेल्या वर्षी शैलजानं विचारलं तेव्हा ‘स्टोअरमधल्या माणसाला कसली आलीत हत्यारं’ असं काहीतरी हसत बोलून त्यानं वेळ मारून नेली होती, आणि यंदा तिनं विचारलंही नव्हतं... स्क्रू-ड्रायव्हरला सायली गावातली अख्खी फॅक्टरी डिसमिस म्हणते, गुजराती असो की खानदेशी. पण हा डिसमिस स्क्रू फिरवायचा नव्हताच. याचं टोक चालत्या मशीनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे — आणि आत कुठं काय दुखतंय ते मशीन आपणहून सांगायचं.

सांगायचं. आता सांगत नाही.

समोर, डोकमर्डीतल्या त्याच्या दोन खोल्यांच्या मागच्या परसात, सागाच्या दोन फळ्या ठोकून केलेल्या घोडीवर ते दमणचं मशीन लटकत होतं. होडीच्या पाठीमागं लावतात ते, पंधरा हॉर्सपॉवरचं, रंग उडालेलं, पंखा खालच्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडालेला. मागच्या रविवारी त्यानं ते रिक्षातून आणलं तेव्हा शैलजा दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. “होडी कुठंय?” “नाही.” “मग हे लावणार कुठं, मोरीत?” आणि मग स्वतःच खदखदा हसली होती. खरं कारण त्यानं तिला सांगितलं नव्हतं. या गावात या मशीनमधलं कुणाला काही कळत नाही. बिघडलं, नाही जमलं, तर बघायला कुणी नाही — हे कारण सांगण्यासारखं होतं का?

गेल्या वेळी बघायला सगळे होते. मोठ्या कॉम्प्रेसरभोवती निम्मी शिफ्ट गोळा झालेली, सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडे, कारण रमाकांतभाऊंचा कान म्हणजे शेवटचा शब्द. त्यानं डिसमिस टेकवला, डोळे मिटले... आणि आत काहीच नव्हतं. कापूस भरल्यासारखं. सूत पिळणाऱ्या मशीनच्या कल्लोळात अकरा वर्षं उभं राहिल्यावर कान जातात हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण तेवढ्या माणसांसमोर म्हणायचं कसं? “ठीक आहे, चालू द्या,” तो म्हणाला होता. दुपारच्या आत कॉम्प्रेसर जाम झाला. कुणी त्याला एक शब्द बोललं नाही, आणि तेच त्याला सहन झालं नाही. पाठीचं निमित्त काढून त्यानं स्वतःच स्टोअर मागून घेतलं.

आणि आता मिलिंदसाहेब — पुण्याचा पोरगेला चीफ इंजिनिअर, त्याला ती गोष्ट ठाऊक नसावी किंवा असूनही — परवा म्हणाला, “भाऊ, नव्या शेडचं मेंटेनन्स तुम्ही घ्या. सोमवारी सांगा मला.” सोमवार म्हणजे उद्या.

त्यानं दोरीची मूठ धरली आणि ओढली. एकदा. दोनदा. पाच संध्याकाळी खपून त्यानं कार्ब्युरेटर धुतला होता, पाण्याच्या पंपाचं कुजलेलं रबर बदललं होतं. हात काही विसरले नव्हते, उलट शाळा सुटलेल्या पोरांसारखे पळत होते. चौथ्या ओढीला मशीन धडधडलं, निळा धूर परसभर झाला आणि मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार ड्रमबाहेर उडाली. धार! म्हणजे पंप चालला. रमाकांतला इतका आनंद झाला, की क्षणभर तो नुसता त्या धारेकडे बघत राहिला.

पण घोडी थरथरत होती. फळ्या ढिल्या असतील, त्यानं स्वतःला सांगितलं — आणि सांगता सांगताच त्याला हे मशीन विकणारा नारायण तांडेल आठवला. दमणला त्याच्या अंगणात हेच मशीन असंच धडधडत होतं आणि नारायण रमाकांतच्या डाव्या अंगाला वाकून, मशीनकडे बोट दाखवत काहीतरी बरंच सांगत होता. शेवटी मशीन बंद करून त्यानं विचारलं होतं, “बराबर समजला ने, भाई?” आणि रमाकांत म्हणाला होता, “समजलं.” मान हलवायची सवय. घरी हो, फॅक्टरीत हो, बाजारात हो. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायला सांगितल्या तरी हो, मग डाळ करपली की ‘लक्ष नव्हतं’. बिनलक्षाचा माणूस म्हणवून घेतलेलं परवडतं, नाही?

त्यानं डिसमिस टेकवला. मूठ उजव्या कानाला. मग डाव्या. हातात थरथर येत होती, पण आवाज म्हणून काही येत नव्हतं.

आत शैलजा ब्लाउज शिवत बसली होती. तिचं पायाचं मशीन जरा कुरकुरलं तरी ती थांबते, तेलाची बुधली घेते, हे तो वीस वर्षं बघत होता... वीस वर्षं, आणि आज लक्षात येतंय.

“शैला, जरा बाहेर ये!”

ती कात्री हातात घेऊनच आली. ड्रमपलीकडं कात्री ठेवून तिनं धुरानं पदर नाकाला लावला.

“ऐक,” तो ओरडला. “कसा आवाज येतोय ते सांग.”

तिनं मशीनकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं. मग मान तिरकी करून ऐकू लागली.

“तुम्ही हसाल,” ती त्याच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली. “आमच्या गावी आई आणि काकू दळायला बसायच्या ना, तसं वाटतंय. जात्याला दोघींचे हात, पण ओढतेय एकटी आई. काकूचा हात आपला खुंट्यावर नुसता ठेवलेला!”

रमाकांत हसला नाही. दोन सिलिंडर. एक मरतंय, दुसरं त्याला ओढून नेतंय. फळ्यांचा काही दोष नव्हता! त्यानं रबरी मुठीची पक्कड घेतली आणि वरच्या प्लगची टोपी उचलली. मशीन गुदमरलं, शैलजानं घाबरून हात वर केला. टोपी बसवली. मग खालची उचलली.

“आता?”

“काहीच नाही. होता तसाच आवाज.”

म्हणजे खालचं सिलिंडर मेलेलं. नारायण बिचारा हेच सांगत होता, बोट दाखवून दाखवून. त्यानं मशीन बंद केलं. आतलं नेमकं काय गेलंय, हे उघडल्यावर कळणार. नवा भाग मिळेल, न मिळेल. आणि उद्या मिलिंदसाहेबाला काय सांगायचं, तेही अजून ठरत नव्हतं. पण छातीतलं काहीतरी सैल झालं होतं.

“मला ऐकू येत नाही, शैला,” तो हातातल्या पकडीकडे बघत म्हणाला. “डाव्यानं मुळीच नाही. उजव्यानंही जाडंभरडं तेवढंच.”

ती ड्रमला वळसा घालून कात्री उचलायला गेली आणि डाव्या बाजूनं काहीतरी बोलली. ओठ हललेले त्याला दिसले. मान सवयीनं हलायला निघाली — हो — आणि त्यानं ती अर्ध्यावर थांबवली. कॉम्प्रेसरपाशी, नारायणच्या अंगणात, जेवताना, इतक्या वर्षांत एकदाही न विचारलेलं त्यानं विचारलं.

“काय म्हणालीस? ऐकू नाही आलं.”

शैलजा वळली. आणि त्याच्या उजव्या बाजूला येण्यासाठी ती पुन्हा ड्रमला वळसा घालू लागली, तेव्हा पक्कड हातात धरून तो थांबून राहिला. जे काही असेल ते, अगदी चहाचं जरी असलं तरी, त्याला ते ऐकायचं होतं.