पाणी कुठवर येईल?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. अंगावर लाल-काळे आकडे असलेली, जमिनीची पातळी मोजणारी. नागपूरच्या एका कारखान्यात सागवान रंधून मला घडवलं आणि चंद्रपूरच्या कचेरीत पाठवलं. रस्ते, कालवे, तलावांच्या पाळी. नेतील तिथे मी ताठ उभी राहिले. तिपाईवरच्या दुर्बिणीतून माझे आकडे वाचणारे माझं कौतुक करत, तेव्हा मी सुखावून जाई.

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांना पुराचा धोका किती, हे पाहायचं काम निघालं. ओव्हरसियर गुणवंतराव मला घेऊन सावली गावाकडच्या एका ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत आले. वैनगंगेच्या अगदी काठावर म्हातारी बायनाबाई आणि तिची गरोदर सून रुखमा राहत. मुलगा कामासाठी बल्लारपूरला होता.

"बाई, मोठा पूर कुठवर आला होता, आठवतं का?" गुणवंतरावांनी विचारलं.

"मी नवी नवरी होती तवा त्या चिंचेच्या बेचक्यात पानी होतं."

त्यांनी मला आधी चिंचेखाली उभं केलं, मग बायनाबाईच्या दाराशी. हिशेब करून माझ्यावर बोट टेकवलं. "तेवढं पाणी पुन्हा आलं, तर तुमच्या घरात इथवर चढेल."

बायनाबाईनं हात उंचावला. तो तिथवर पोचेना.

"मंग आमी जावं कुठी? नदी सोडून खावं काय?"

"नदी सोडू नका. पावसाळ्यात राहायला तेवढं टेकाडावर चला."

टेकाडावर बौद्ध मोहल्ला होता. तिथल्या अंजनाबाई पाण्याला आल्या होत्या. घागर खाली ठेवून त्या म्हणाल्या, "विहाराच्या बाजूले जागा हाय. झोपड्या घाला. काऊन घाबरता?"

दोघींची भेट रोजच नदीवर होई. पण एकमेकींच्या घरी त्या कधी गेल्या नव्हत्या. बायनाबाई म्हणाली, "पाहू."

पावसाळ्यात वस्ती वर गेली. बायनाबाई मात्र हलेना. शेवटी दिवस भरत आलेली रुखमा म्हणाली, "तुमी आल्याबिगर मी जात नाई." तेव्हा म्हातारी कुरकुरत निघाली. त्याच पंधरवड्यात पूर आला.

पाणी उतरल्यावर गुणवंतरावांनी मला तिथे आणलं. मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या. बायनाबाईच्या दाराचा एक खांब तेवढा उभा होता आणि त्यावर गाळाची रेघ होती. मला खांबाशी लावताच त्यांचा चेहरा उतरला. रेघ त्यांच्या अंदाजाच्या वर गेली होती.

"बाई, मी कमी सांगितलं."

"कमी सांगतलं, तरी आमी वर गेलो ना?" बायनाबाई म्हणाली. तिचा नातू अंजनाबाईच्या ओसरीत झोपला होता. "आता बरोबर लिवा, साहेब. घर वरतच बांधून राह्यलो. जाळं इथीच राहीन."

गुणवंतरावांनी जुने अंदाज खोडले आणि काठावरच्या गावागावांत मला पुन्हा उभं केलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम.

नंतर नवी यंत्रं आली. मी कचेरीच्या माळ्यावर गेले. बुडाला वाळवी लागली, आकडे पुसले. त्याचं मला वाईट वाटतं. पण मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मे महिन्यात नदी गुडघाभर असते, मुलं तिच्यात डुंबतात, तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा आणि विचारा, पाणी कुठवर आलं होतं? ती सांगतील ती जागा जाऊन बघा. मग आपल्या दाराशी उभं राहून हात वर करून पाहा.