मागितली तरी देऊ नकोस

“आई, ट्रॅक्टरची किल्ली दे. मका गेला. आजच नांगरून टाकतो.”

लेक दारातच उभा होता, पाय चिखलाने भरलेले. आदल्या दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या होत्या. पोटरीइतक्या उंच मक्याच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या.

“नवं पान दिसेपर्यंत नाही.” म्हातारीने स्वेटरच्या खिशावर हात ठेवला.

“अगं, उशिरा पेरलं तर कणसं भरतील का? शेजारचा पेरून मोकळा होईल आणि आपण बसू हात चोळत!”

“तुझे बाबाही हेच म्हणायचे.”

लग्नानंतर आलेल्या पहिल्या गारपिटीत तिच्या नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी अख्खं शेत नांगरलं होतं. मग उपटलेलं एक रोप सहज उभं चिरलं, तर आतला गाभा पांढराशुभ्र, टणक. जिवंत. तेव्हापासून गारा थांबल्या की तो आधी किल्ली आणून तिच्या हातात द्यायचा. “मी मागितली तरी देऊ नकोस.”

आणि संध्याकाळपासून मागायचा. लाडीगोडी, रुसवे, थापा. एकदा तर म्हणे ट्रॅक्टरखाली कोंबडी अंड्यावर बसली आहे, तिला ऊन लागायला हवं.

“तू बायको आहेस का जेलर?”

“दोन्ही. जेवून घ्या.”

यंदा किल्ली आणून द्यायला तो नव्हता. तिने स्वतःच ती खुंटीवरून काढून खिशात टाकली होती.

लेक तणतणत शेडकडे गेला. परत आला तेव्हा आवाज उतरला होता. तळहातावर एक किल्ली होती.

“हत्यारांच्या पेटीत, तळाशी. बाबांकडे दुसरी होतीच की गं! मग तुझ्यापुढे एवढी नाटकं कशाला?”

किल्ली कोरी होती. दुकानदाराची चिठ्ठी अजून दोऱ्याने बांधलेली. एकदाही वापरलेली नव्हती.

“कोंबडी म्हणे,” ती पुटपुटली आणि हसली.

लेकाने ती किल्ली तिच्या हातावर ठेवली. “असू दे तुझ्याकडेच. पण मी रोज मागणार.”

“माग की.”

त्याने रोज मागितली. तीही रोज नाही म्हणाली.

आठवडा उलटला. शेताच्या वरच्या तुकड्यात फाटक्या पानांच्या पिळातून हिरवी सुरळी वर आली. खालच्या तुकड्यात पाणी साचलं होतं. तिथलं रोप तिने चिरून पाहिलं, गाभा तपकिरी, बोटाला लिबलिबीत लागला. दुसरं चिरलं. तेही तसंच.

ती घरी आली. लेकाने मागायच्या आधीच तिने किल्ली पुढे केली.

“खालचा नांगर. वरच्याला हात लावू नकोस.”

ती पायरीवर बसून आवाज ऐकत राहिली. ट्रॅक्टर वरच्या तुकड्याच्या बांधाशी आला, थांबला, वळला.

संध्याकाळी लेकाने किल्ली खुंटीला लावली. दुसरी, चिठ्ठीसकट, स्वेटरच्या खिशातच राहिली.