खोटी धार

शिंदीच्या पानाला पाच गाठी मारून दलमा डोंगराच्या पुजाऱ्याने निरोप धाडला, तेव्हा मी अंगणात भात कांडत होते. दरवर्षी ते पान असंच येतं. रोज एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की गावातले पुरुष धनुष्यबाण घेऊन डोंगरावर शिकारीला निघतात. माझ्या सासूने पान हातात घेतलं, गाठी बोटांनी चाचपल्या आणि ते वाशाला अडकवलं. मग ती पलीकडच्या घराकडे बघत राहिली. ते घर चोटरायचं.

मागच्या वर्षी डोंगरावरून चोटराय आला नाही, त्याचं धनुष्य आलं. त्याचा बाण रानडुकराला बरोबर खांद्यामागे लागला होता, पण आत शिरला नाही. चिखलाने माखलेल्या कातडीवरून घसरला. डुक्कर वळलं. माझा नवरा दसमत तेव्हा दहा पावलांवर उभा होता. परत आल्यापासून वर्षभर झोपेत त्याचे पाय हलत असत.

लोक म्हणाले, कुणाची तरी नजर लागली. पण बाण घसरला हे ऐकल्यापासून मला माझा बाप आठवत होता.

म्हातारपणी त्याचे डोळे गेले होते. तो दगडावर बाणाचं पातं घासायचा आणि मी बाजूला बसून पाणी ओतायची. हात लावायचा नाही, फक्त बघून सांगायचं. बाईने नांगर धरायचा नाही, छप्पर शाकारायचं नाही, बाणाला शिवायचं नाही, हे आम्हा संथाळांत पोरीला बोलता येण्याआधी कळतं.

“साल्गी, उन्हात बघ. धारेवर पांढरी रेघ दिसते?”

“दिसते.”

“मग बोथट आहे. दिसते ती धार नव्हे.”

तो पुन्हा घासायचा. रेघ गेली की तो पातं अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढायचा. एका बाजूने जास्त घासलं की लोखंडाचा केसाएवढा बारीक पापुद्रा दुसऱ्या बाजूला वळतो. नखाला तो अडकतो. “ही खोटी धार,” बाप म्हणायचा. “हातावरचे केस साफ काढते, म्हणून माणूस फसतो. कातडीला लागली की दुमडते.” मग तो एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, दर वेळी आधीपेक्षा हलक्या हाताने पातं फिरवत राहायचा. शेवटी नुसतं दगडाला बोलल्यासारखं. ताणून बांधलेल्या सबई गवताच्या दोरीवर पातं टेकवायचं. खोटी धार दोरीवरून घसरते. खऱ्या धारेला ओढावं लागत नाही, नुसतं टेकवलं की दोरी तुटते.

घरातल्या विळ्यांना धार मात्र मीच लावायची. विळ्याला बाईचा हात चालतो. मी डावरी, त्यामुळे माझ्या विळ्यावरच्या घासल्याच्या रेघा इतरांच्या उलट्या दिशेला कललेल्या असत. सासू त्यावरून हसायची, “सगळ्या गावात आपला विळा चोरीला जायचा नाही.”

तिसरी गाठ सुटली त्या दिवशी दसमत बाण काढून बसला. शहरातल्या कारखान्यात चार महिने काम करून त्याने एक कानस आणली होती. दगडावर अर्धा दिवस जायचा ते काम कानशीने विडी संपेपर्यंत होत होतं. रुंद पात्याच्या तीन बाणांना त्याने धार लावली. मग मनगटावर पातं फिरवलं. केस भुरभुर खाली पडले.

“बघ गालू, न्हाव्याच्या पोटावर पाय दिला मी.”

गालू माझा धाकटा दीर. तो मला हिली म्हणायचा. आमच्यात वहिनीला तेच म्हणतात, आणि हिलीची थट्टा करणं हा धाकट्या दिराचा हक्कच. तो म्हणाला, “दादा, तुझ्या हातावर केस होते तरी किती? अस्वलाची हजामत करून दाखव, मग मानू.”

दसमत हसला आणि त्याने कानस खाली ठेवली. मी विळा घेऊन दोन हातांच्या अंतरावर बसले होते. पातं उन्हात आलं तेव्हा धारेच्या कडेला वाकडातिकडा धागा चमकून गेला.

“नखावरून ओढून बघ एकदा,” मी म्हटलं. “अडकेल.”

“हा विळा नाही,” दसमत म्हणाला.

“हिली, तूच चल की डोंगरावर,” गालू म्हणाला. “आम्ही घरी भात कांडत बसतो.”

“भात कांडायला दंडात जोर लागतो रे. तुला नाही जमायचं.”

“साल्गी.” सासूने आतूनच हाक मारली. “बाणाच्या कामात बोलायचं नाही.”

मी विळा घासू लागले. खालच्या वस्तीतल्या एका बाईची गोष्ट मला ठाऊक होती. पाऊस आला म्हणून तिने नवऱ्याचं धनुष्य अंगणातून आत आणलं. एवढंच केलं. त्या वर्षी नवरा डोंगरावरून लंगडत आला आणि कुणीतरी म्हणालं, मी तिला धनुष्य उचलताना पाहिलं होतं. तिला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलं. तिच्या घराच्या जागी आता एरंड उगवलाय. नवरा दुसरी करून तिथेच पलीकडे राहतो.

मी त्या दोन दिवसांत रात्रंदिवस एकच हिशोब मांडत होते. बाणाला हात लावला आणि कळलं, तर मी गेले. नाही लावला, तर दसमत गेला. आणि तिसरी भीती त्याहून वाईट होती. बाईच्या हाताने खरंच बाण बाटत असेल तर? मग मी त्याला माझ्याच हाताने मारलं असं होईल.

शेवटची गाठ सुटली. सकाळी सगळे पुरुष तळ्यावर अंघोळीला गेले. सासू देवाच्या कोपऱ्यात सारवत होती. माझी चार वर्षांची सोमी पिलांमागे धावत होती. बाण भिंतीला टेकून उभे होते, पाती वर करून.

मी एक उचलला. लाकूड थंड होतं. एवढं मला स्पष्ट आठवतं, कारण मला वाटलं होतं चटका बसेल.

गोठ्यामागे विळ्याचा दगड होता. मी नखावरून पातं ओढलं. अडकलं. पाणी टाकलं आणि सुरुवात केली. या बाजूने, त्या बाजूने. हात घाई करत होता आणि बाप कानात सांगत होता, हलक्याने. पापुद्रा निघता निघत नव्हता. इकडून घासला की तिकडे वळायचा. माझा अंगठा कापला तेव्हा मला कळलंही नाही, दगडावरचं पाणी लाल झालं म्हणून कळलं. मग एका क्षणी नख अडकायचं थांबलं. गाईच्या दाव्याचा सबईचा दोर ताणलेला होता. त्यावर पातं टेकवलं. दोर तुटला आणि गाय चालू लागली.

तळ्याकडून हसण्याचा आवाज आला. दोन बाण राहिले होते. मी तो एक पुसून भिंतीला लावला, गाईला वळवलं, दाव्याला गाठ मारली.

पुरुष निघताना सासूने माझ्या डाव्या हातातलं लोखंडी कडं काढलं. शिकारीला गेलेल्या माणसाची बायको तो परत येईपर्यंत कडं घालत नाही, केसांना तेल लावत नाही. तो मेलाच असं धरून राहायचं. आला तर परत मिळाला. सासूने माझा अंगठा पाहिला.

“कशानं कापलं?”

“विळ्यानं.”

लुगड्याची चिंधी फाडून तिने अंगठा बांधला, जरा जास्तच घट्ट. मग काठोकाठ पाण्याने भरलेला तांब्या देवाच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्याच्याशेजारी माझं कडं. डोंगरावर माणूस धड असेल तर तांब्यातलं पाणी धड राहतं. त्यात भर घालायची नाही, त्याला हलवायचं नाही.

“हिली, रडू नको,” गालू जाता जाता म्हणाला. “दादा नाही आला तर मी आहे.”

“तू आलास तर मी पळून जाईन,” मी म्हटलं. दसमतने खांद्यावर भाता चढवला. कोणता बाण कोणता, हे आता मलाही सांगता आलं नसतं.

पहिला दिवस मी तांब्यापाशी बसून काढला. वैशाखाचं ऊन होतं. पाणी एक बोट खाली गेलं. उन्हाने जातं, मी स्वतःला सांगितलं. चोटरायची बायको दाराशी आली, आत डोकावली आणि परत गेली. तिच्या मनगटावर कड्याच्या जागी अजून फिकट पट्टा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेण टाकून आले तर सासू कोपऱ्यात उभी होती. तांब्या अर्ध्यावर आला होता.

मी भिंत धरली.

“साल्गी,” सासू अगदी हळू म्हणाली, “तू काही केलंस का?”

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात मागून सोमी म्हणाली, “मी प्यायले. तहान लागली होती.” तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

सासू मटकन खाली बसली. एवढी मोठी बाई, पण हसावं की रडावं तिला कळेना. तिने सोमीला मांडीवर ओढलं. म्हणाली, “उद्या दुसरीकडून पी गं माझ्या माय.” तांब्या मात्र अर्धाच राहिला. भरता येत नव्हता. रात्री मला झोप लागली नाही. पोरीला तहान लागली हे खरं, पण नेमकं याच तांब्यातलं पाणी प्यावंसं तिला का वाटलं, हा विचार डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना नगाऱ्याचा आवाज आला. बायका रस्त्यावर धावल्या. मी धावले नाही. दाराच्या चौकटीला धरून मी माणसं मोजत होते. गालू दिसला. त्याच्या खांद्यावर दसमतचं धनुष्य होतं.

मला काही ऐकू येईना. शेजारची बाई काय सांगतेय, सासू मला का हलवतेय, काही कळेना. गालू दारात आला, माझं तोंड पाहिलं आणि धनुष्याकडे पाहून चपापला.

“अगं हिली, तो येतोय मागून. पाय मुरगळलाय म्हणून मी ओझं घेतलं.”

दसमत दोघांच्या आधाराने आला. मांडीवर झाडपाला बांधला होता, त्याखाली ओरखडा होता, खोल नव्हता. तो अंगणातल्या दगडावर बसला. मी उभीच होते.

“डुक्कर होतं,” गालूने सांगायला घेतलं. “म्हशीएवढं म्हटलं तर खोटं होईल, पण वासराएवढं. दादाने पहिला बाण मारला, बरोबर खांद्यामागे. घसरला. डुक्कर वळलं. मी झाडावर.”

“तू आधीपासूनच झाडावर होतास,” दसमत म्हणाला.

“बरं, मी आणखी वर. दादाने दुसरा लावला. तो पिसांपर्यंत आत. डुक्कर त्याच्या मांडीला घासून पलीकडे पडलं. दोन्ही बाण एकाच भात्यातले, एकाच कानशीचे.”

दसमतने दोन्ही बाण समोर ठेवले. पहिल्या पात्याची कड कानाच्या पाळीसारखी दुमडली होती. दुसरं पातं वाळलेल्या रक्ताखालीही सरळ होतं. गालूने ते उचललं, अंगठ्याने रक्त खरवडलं आणि उन्हात धरलं.

“दादा, या रेघा बघ. उलट्या आहेत. डावऱ्या हाताने—”

तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्यावरच्या चिंधीकडे. संध्याकाळी गावच्या मुखियाच्या, म्हणजे मांझीच्या अंगणात मांस वाटताना ज्या बाणाने डुक्कर पडलं तो सगळ्यांच्या हातून फिरतो. प्रत्येक म्हातारा त्याचं पातं निरखून बघतो.

सासू उठली. मला वाटलं ती बाहेर जाऊन ओरडणार. ती फाटकाशी गेली आणि रस्त्याकडे पाठ करून, वाट अडवून मधोमध बसली, सूप पुढ्यात घेऊन, जसं काही तांदूळच निवडायचे होते.

“गालू,” दसमत म्हणाला, “विळ्याचा दगड आण. कानस नको.”

गालूने दगड आणला आणि हळूच म्हणाला, “मी झाडावर होतो. मला तिथून काही दिसलं नाही.”

दसमतने पातं दगडावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. “पाणी ओत.”

मी देवाच्या कोपऱ्यातला तो अर्धा तांब्या आणला. ओतताना थोडं पाणी त्याच्या गुडघ्यावर सांडलं. त्याने उजव्या हाताने घासायला घेतलं. माझ्या रेघा एकेक करून त्याच्या रेघांखाली जायला लागल्या. चार वेळा, पाच वेळा. मग त्याने पातं नखावरून ओढलं. तो थांबला.

“अडकतंय,” तो म्हणाला. मान वर न करता. “आता?”

मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

“दुसऱ्या बाजूने,” मी म्हटलं. “हलक्या हाताने. अजून हलक्या.”