सारजाबाईंचा वळसा

मुनीराने खुंटीला बांधलेली सुतळी ताणून धरली आणि दुसऱ्या हाताने फक्की सोडत ती गोल फिरली. पांढरं रिंगण पुरं झालं तशी तिने कंबर सरळ केली आणि सुतळीचं टोक मनगटाला गुंडाळलं. इथं हिरवळ, मधोमध रुहीचा झोका. कुंपणाच्या कडेने मोगरा, फाटकावर बोगनवेल. फाल्गुन लागला होता. उन्हं तापायच्या आत मुळं धरायला हवी होती. पण खरा जीव अडकला होता तो झोक्यात. नातीसाठी तिने हिवाळाभर नवऱ्याचं, हाफीजचं डोकं खाल्लं होतं.

"जागा झकास शोधलीस," पायरीवर बसलेला हाफीज म्हणाला. पौडच्या आपल्या दुकानातून तो झोक्याचे लोखंडी खांब घेऊन आला होता. "उद्या काँक्रीट भरलं की झालं."

जागा झकास होतीच. कासार आंबोलीचं हे आवार सगळं मुरमाड; मोगऱ्याचे खड्डे घेताना गड्यांचे हात सोलवटले. इथं मात्र माती भुसभुशीत, जराशी खोलगट. पाणी कितीही सोडा, चिखल म्हणून व्हायचा नाही. एकदा तर नळी रात्रभर वाहत राहिली आणि सकाळी बघावं तर टिपूस नाही! तेव्हा तिला जरा चमत्कारिक वाटलं होतं, नाही असं नाही. पण बाग करायला निघालेलं माणूस चांगल्या मातीला नावं ठेवतं होय?

"दादी, ऐक ना!" रुही गोलात उड्या मारत होती. ती आजच सुट्टीला आली होती. "इथं ढोल वाजतो!"

"पुरे गं बाई. फक्की पुसतेयस माझी."

तेवढ्यात फाटक वाजलं. सारजाबाई. जमीन पूर्वी यांचीच. लेकाने, शेखरने ती विकली. ओढ्याकडे जायला म्हातारी अजून याच आवारातून जायची आणि मुनीराने तिला कधी अडवलं नाही. गंमत एवढीच, की सरळ वाट सोडून बाई या मोकळ्या जागेला लांबून वळसा घालायच्या. त्यांची शेळीसुद्धा. एकदा जाता जाता म्हणाल्या होत्या, "हितं काय लावू नगा भाभी, टिकायचं न्हाई." विकलेल्या जमिनीचं दुःख, दुसरं काय, म्हणून मुनीराने ते मनावर घेतलं नव्हतं.

आज बरोबर सून होती, पिंकी, तान्हं बाळ पदराआड घेऊन.

"भाभी, सव्वा म्हयना झाला. जरा पूजा करायचीया हितं. चालंल न्हवं?"

"अहो मावशी, विचारता काय? या की. बघू तरी आमचं बाळ!"

रुही बाळ बघायला धावत आली. रिंगणाच्या काठाशी दोघी सासवा-सुनांनी चपला काढल्या. सारजाबाईंनी पाच खडे मांडले, त्यांवर हळदकुंकू वाहिलं. पिंकीने वाकून नमस्कार केला. आत मात्र कुणी पाऊल टाकलं नाही. रुहीला बाळाचा लवकरच कंटाळा आला आणि ती पुन्हा पळाली.

मुनीरा बाळाच्या जावळावरून हात फिरवत होती. सव्वा महिन्याची बाळंतीण घराबाहेर पडते ती विहीर पुजायला. पौडला शेजारच्या सुनेबरोबर ती स्वतः गेली होती, विहिरीवर. तिचा हात थांबला.

"मावशी, ही पूजा विहिरीवर करतात ना?"

"व्हय. मग?" म्हातारीने नवलाने पाहिलं. "आमची हीर हितंच न्हवं का! माज्या समद्या पोरांच्या येळंला हितंच पुजली म्या. बुजवली म्हून काय पान्यातल्या देव्या, आसरा, उठून जात्यात?"

"बुजवली? कशानं?"

"शेखरला लई घाई. प्लाट सपाट दिसाया पायजे. बाभळीची खोडं टाकली, भाताचा पेंढा टाकला, वर माती. पाच परस खोल हीर ती. आता समदं कुजून खाली चाललंय, म्हून तर आमी कुनी वरनं जात न्हाई. तुमास्नी ठावं न्हाई व्हय? साऱ्या गावाला ठावं हाय!" मग डोळे बारीक करून तिने रिंगणात पाहिलं. "अगं माज्या बया. पोरगी हाय का ती आत?"

रुहीने उडी मारली. तो आवाज मुनीराने या वेळी नीट ऐकला. हाफीज पायरीवरून उठला, तसा तिने हात करून त्याला जागीच थांबवला. ओरडावं तर पोर दचकून धावत सुटेल.

"रुही," तिने आवाज कसाबसा गोड ठेवला. "आता उडी नको हं, बाळा. पोटावर झोप. झोपल्या झोपल्या सरकत ये दादीकडे."

"खेळ आहे?"

"हो. खेळ."

पिंकी बाळाला छातीशी धरून मागे सरली. रुही खुदखुदत आडवी झाली आणि कोपरांवर सरकू लागली. मुनीरा तिच्याकडे हसून बघत राहिली. रुहीच्या मागे, गोलाच्या मधोमध ठोकलेली खुंटी कुणी हात न लावता कलली आणि मुनीराच्या मनगटाची सुतळी ताणली गेली.